आत्यांच्या रक्तातले केशरी दाणे

८ जानेवारी १९९७, बुधवार

एकतीस! तीनदा मोजले. शंभर पांढऱ्या पेशींत एकतीस इओसिनोफिल. धडधाकट माणसात दोन असतात, चार असतात, फार तर सहा. आणि स्लाइड कुणाची, तर आत्यांची.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बायजाबाई. मानसिंगच्या घरात सासूला आत्याच म्हणतात. मी ठाण्याची, मला जिभेला वळण लावायला तीन वर्षं लागली. दिवाळीनंतर मानसिंग त्यांना पाटणच्या गावाहून इथं वाशीला घेऊन आला. धाप लागते म्हणून. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर गाठेपर्यंत दोनदा बसतात, छातीत शिट्टी वाजते. गावाकडे दोन डॉक्टर झाले, खोकल्याच्या बाटल्या झाल्या.

सुई टोचून घेईनात. शेवटी अबोलीने आजीचा हात धरला आणि मी पटकन रक्त काढलं. "कसलं गं तुजं काम," आत्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घाणीत डोळं घालून बसायचं!" अकरा वर्षं लॅबमध्ये आहे. हे वाक्य आता मला लागत नाही. (लागतं. थोडं.)

९ जानेवारी

कमळाकर सरांना स्लाइड दाखवली. लॅब त्यांची. दोन खोल्या, एक जुना मायक्रोस्कोप, आणि सर स्वतः. बराच वेळ नळीत डोळा घालून बसले. "सुंदर रंग चढलाय, सुमेधाबाई. माणूस बरा नाही, पण स्लाइड सुंदर!"

खरंच सुंदर. बाकीच्या पेशी फिक्या, आणि ह्या मात्र केशरी दाण्यांनी गच्च भरलेल्या. मध्ये चष्म्याच्या दोन भिंगांसारखा जांभळा गर.

सर म्हणाले, "इतके इओसिनोफिल उगाच जमत नाहीत. ॲलर्जी, दमा — नाहीतर कृमी. स्टूल आणा. ताजं. सकाळचं संध्याकाळी नको."

स्टूल आणा! त्यांना काय जातंय सांगायला.

१० जानेवारी

विचारलं. डबी पुढे केली.

"सुनंला हागणं दाखवू? मेली तरी न्हाई!"

मानसिंग मोरीत तोंडावर पाणी मारत हसत होता. म्हटलं, मग तू सांग, तुझी आई आहे. हसणं बंद. शर्ट घातला आणि मार्केटला पळाला. कांदा-बटाट्याच्या मार्केटात मापाडी आहे. शंभर किलोची गोण बरोबर तोलतो, पण आईला एक डबी मागवत नाही!

१२ जानेवारी, रविवार

छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. इथलेच, आमच्या लॅबपासून दोन बिल्डिंगा पुढे क्लिनिक. एक्स-रे पाहिला, पाठीला नळी लावली. दमा आहे म्हणाले. स्टेरॉइडच्या गोळ्या, सकाळी एकदम आठ, उद्यापासून दोन आठवडे.

मी म्हटलं, "डॉक्टर, इओसिनोफिल एकतीस आहेत."

"दम्यात वाढतातच."

ते खरंच आहे. वाढतात. ते वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर, मी डिप्लोमावाली टेक्निशियन. स्टूल झालेलं नाही, हे ओठांवर आलं होतं. आत्या शेजारी बसलेल्या. गप्प बसले.

१४ जानेवारी, संक्रांत

चमत्कार! शिट्टी बंद. आत्यांनी दोन तीळपोळ्या खाल्ल्या, जिना एका दमात चढल्या, शेजारच्या मुक्ताबाईंना वर बोलावून सांगितलं, "वाशीचा डाक्टर लई हुशार हाय!" मानसिंगने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, तू उगाच डबी घेऊन मागे लागली होतीस.

बरं वाटलं. खरंच. डबी कपाटावर ठेवून दिली.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज पुन्हा रक्त घेतलं. इओसिनोफिल एक! एकतिसाचे एक! उड्या मारतच सरांकडे गेले.

सर हसले नाहीत. "स्टेरॉइड चालू आहे ना? मग पेशी गोळीने घालवल्या. त्या ज्याच्यासाठी जमल्या होत्या, ते गेलं का? तपासलंत?"

डबी अजून कपाटावरच होती.

मग त्यांनी एका जुन्या रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. जसं आठवतंय तसं लिहिते. जंतू लहान असतो, पांढरी पेशी त्याला सरळ गिळते. कृमी गिळायला फार मोठा. म्हणून शरीराची तऱ्हाच वेगळी. अलीकडचं संशोधन म्हणतं, की हुकूम देणाऱ्या पेशींच्या दोन जाती आहेत. एक जंतूंच्या कामाची, दुसरी कृमींच्या. ही दुसरी जात जागी झाली की एक खास अँटिबॉडी तयार होते, ती जाऊन कृमीच्या अंगाला चिकटते. त्या खुणेवर इओसिनोफिल येतात, चारी बाजूंनी बिलगतात आणि आपले दाणे त्याच्यावर रिकामे करतात. तेच केशरी दाणे! त्यांत विष असतं. तिकडे आतड्याचं अस्तर भराभर चिकट बुळबुळीत पाणी सोडतं, आतडं जोरात आवळतं, की पकड सुटून कृमी खाली वाहून जावा.

"मारामारी वाटते ना?" सर म्हणाले. "पण पुष्कळदा शरीर मारत नाही. फक्त वाढू देत नाही. चार राहिले तर राहू दे, चाळीस होऊ द्यायचे नाहीत. असं वर्षानुवर्षं चालतं. माणसाला पत्ताही नसतो."

आणि मग, आवाज खाली आणून, "एक कृमी असा आहे, की ज्याच्या अळ्या पोटातच तयार होऊन पुन्हा त्याच माणसाच्या अंगात शिरतात. स्ट्राँगिलॉइडिस. ओल्या मातीतून अनवाणी पायांतून आत येतो, रक्तातून फुप्फुसात जातो — म्हणून खोकला, म्हणून धाप — मग गिळला जाऊन आतड्यात. शरीराने आवर घातला तर तीस वर्षं तसाच. आणि स्टेरॉइडने तो आवर काढून घेतला, तर..." शिकत असताना त्यांनी असा एक पेशंट पाहिला होता. गोळ्या सुरू झाल्या, दोन दिवस बरा वाटला. नवव्या दिवशी गेला. थुंकीतसुद्धा अळ्या होत्या.

"तुमच्याकडे पाटणला भातशेती ना? सासूबाई लावणी करायच्या? अंगावर कुठे पळती रेघ उठते का, विचारा. लाल, खाजरी."

आज पाचवा दिवस आहे. दोन दिवस बरा वाटला — आत्यांनाही तसंच बरं वाटलं ना.

१८ जानेवारी, शनिवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

सकाळी पाणी भरतानाच विचारलं. आत्या, अंगावर कधी रेघ उठते का? आधी चमकल्या. मग लुगड्याची कड सरकवून कंबर दाखवली. बोटभर लांब, लाल, नागमोडी. "ही व्हय? ही पळती. मानसिंगच्या बारशापास्नं हाय. कवा उठती, कवा न्हाई. लावणीच्या बायकांत कुणाला न्हाई खाज? कुणाला काय सांगायचं, आसल्या जाग्याची!"

मानसिंग छत्तीस वर्षांचा आहे.

बॉलपेनने रेघेच्या टोकाशी खूण केली. आत्या गुदगुल्या होऊन हसल्या. डबे भरले, अबोलीची वेणी घातली, तिला शाळेला सोडून आले. तास झाला असेल. रेघ खुणेच्या चार बोटं पुढे गेली होती! सकाळी पेन टेकवलं तिथली कातडी साफ.

आत्यांना आरशात दाखवलं. म्हटलं, आत्या, ही खाज नाही. हे आत काहीतरी चालतंय. आणि त्या गोळ्यांनी त्याला मोकळं रान मिळालंय. मला बघू द्या. मला बघता येतं. दुसरं काही नाही येत मला, पण एवढं येतं.

लुगड्याची कड पुन्हा खोचली.

"कालपास्नं पोट लई दुखतंय," म्हणाल्या. "तुमास्नी बोलले न्हाई." आणि मग, "दे ती डबी."

रिक्षाने गेले. पहिली स्लाइड, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. काच नीट बसेना. चौथी, अर्धी बघून झाली आणि कोपऱ्यात काहीतरी सळसळलं. फोकस केला. हलली! काचेसारखी पारदर्शक, बारीक, अंग झटकत चाललेली. एकच नाही. तीन. मग बघेन तिथे.

"सर!" इतक्या मोठ्याने ओरडले, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

सरांनी दहा मिनिटं पाहिलं. तोंडाची नळी आखूड आहे की लांब ते पाहायचं असतं. लांब असली तर ती हुकवर्मची अळी. ही आखूड. "हीच," म्हणाले. "आणि फार आहेत. गोळ्या आज थांबल्या पाहिजेत. मी फोन करू, की तुम्ही जाता?"

का कोण जाणे, म्हटलं, मी जाते.

क्लिनिकमध्ये गर्दी. मी तशीच ॲप्रनवर आत. "डॉक्टर, माझ्या सासूबाईंच्या स्टूलमध्ये स्ट्राँगिलॉइडिस आहे. स्टेरॉइड चालू आहे." ते म्हणाले, "कुणी पाहिलं?" मी म्हटलं, "मी पाहिलं. सरांनीही पाहिलं. तुम्ही पाहा. दोन बिल्डिंगा, दोन मिनिटं." आवाज माझाच होता का तो?

आले! पेशंट बसवून ठेवून आले. डोळा लावला आणि उठेचनात. शेवटी चष्मा पुसला. "मी हे पुस्तकात वाचलंय," म्हणाले. "बघितलं कधी नव्हतं. मी स्टूल करून घ्यायला हवं होतं." मग लगेच, "सहाच दिवस झालेत, गोळ्या आत्ता बंद करता येतील. ॲल्बेंडाझोल सुरू करू. त्यांना ॲडमिट करा, आजच. आतड्यातले जंतू अळ्यांबरोबर रक्तात जाऊ शकतात."

रागावायचं ठरवून गेले होते. राग आला नाही.

१९ जानेवारी

नर्सिंग होम. शिट्टी परत आली. ताप १०२.

२० जानेवारी

१०३. पोट फुगलंय. सलाइनमधून अँटिबायोटिक. मानसिंग मार्केटला गेला नाही, पायथ्याशी बसून आईचे पाय दाबतोय. तळव्यांच्या भेगांवरून अंगठा फिरवतोय. माझ्याकडे बघत नाही — की मीच बघत नाहीये? रविवारी त्या केबिनमध्ये मी गप्प बसले. डबीचं बोलले असते तर!

२१ जानेवारी

लिहवत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

ताप शंभर! दुपारपासून चढला नाही. सकाळी आत्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य: "आबोलीच्या डब्याचं काय केलंस?"

संडासात जाऊन रडले.

लॅबमध्ये मी शनिवारीच, डोकं ठिकाणावर नसताना, सरांनी सांगितलं म्हणून आत्यांच्या स्टूलचा थोडा भाग युरिन कल्चरच्या, जंतू वाढवायच्या, प्लेटवर ठेवून दिला होता. आज झाकण उजेडात धरलं. प्लेटभर वाटा! अळ्या ज्या ज्या मार्गाने सरपटल्या तिथे तिथे जंतू उगवून आलेत. वळणावळणाच्या, एकमेकींना कापत गेलेल्या. नकाशाच जणू. डॉक्टरही बघून गेले.

२४ जानेवारी

आत्या उठून बसल्या. पेज प्यायल्या. मला म्हणाल्या, "सांग आता. काय हाय माज्या पोटात?"

सरांनी मला सांगितलं तसं त्यांना सांगितलं, माझ्या भाषेत. पायातून कसा आला, छातीत कसा गेला. आणि तुमच्या रक्तातल्या केशरी दाण्यांच्या पेशींनी छत्तीस वर्षं त्याला कसं वाढू दिलं नाही. खाज उठायची तीसुद्धा तुमचं शरीर त्याला ओळखायचं म्हणून.

"छत्तीस वर्सं?"

"हो."

"म्हंजे मी भात लावत व्हते, कापत व्हते, दोन बाळंतपणं झाली, ह्यांचं दुखणं काढलं... आन् आत ते बी चाललं व्हतं?"

"हो आत्या. एक दिवस सुट्टी न घेता."

हाताकडे बघत राहिल्या. सलाइनची सुई लावलेल्या. "मला वाटायचं, आपलं आंगच कुजकं हाय," म्हणाल्या. "खाज, धाप. सारखं काय न् काय. कुणाला सांगायची लाज." आणि हळूच, "कुजकं न्हवतं म्हंजे."

नव्हतं आत्या. नव्हतं.

२७ जानेवारी

सात दिवसांच्या गोळ्या परवाच संपल्या. काल प्रजासत्ताक दिनाला घरी आणलं. धाप आहे, पण कमी. नुसत्या दम्याच्या पंपावर भागतंय. रक्त घेतलं. इओसिनोफिल चार.

१ फेब्रुवारी, शनिवार

एकोणीस! परत आले! सरांना दाखवलं. आज हसले. "गोळीचा अंमल उतरला. मालक घरी आले."

न राहवून मार्केटमध्ये फोन लावला. मानसिंगला बोलावून आणायला पाच मिनिटं गेली. म्हटलं, "एकोणीस झाले!" तो म्हणाला, "अगं, वाढले म्हणजे वाईट ना? आधी एकतीस होते तेव्हा तू घाबरली होतीस, एक झाला तेव्हा नाचलीस, मग रडलीस. आता परत वाढले तर पेढे आणू का काय करू?"

म्हटलं, पेढे आण.

आणले. कशाचे ते न कळताच आणले. मी घेतल्यावर हातातला पुडा तसाच धरून उभा राहिला. "त्या दिवशी डबी मीच मागायला हवी होती," म्हणाला. "माझी आई."

मी म्हटलं, मी त्या केबिनमध्ये बोलायला हवं होतं. दोघं बसून अर्धा पुडा संपवला.

१० फेब्रुवारी

अळी दिसली. एक. अख्ख्या तासाभरात एक. सर म्हणाले, ह्या कृमीला एका खेपेत क्वचितच हाकलता येतं, पुन्हा सात दिवस द्या. आत्यांनी डबी स्वतः आणून दिली, झाकण पुसून. वर विचारलं, "हलती काय गं आजून?"

१६ फेब्रुवारी

सरांनी त्यांचं जाडजूड पुस्तक दिलंय, जेवणाच्या सुट्टीत वाचते. निम्मं कळत नाही. कळतं तेव्हा मात्र डबा तसाच राहतो! आज वाचलं, कृमीसुद्धा स्वस्थ बसत नाही. तो असं काही सोडतो की शरीराने फार चवताळू नये. आणि शरीरही थोडं ऐकतं, कारण फार चवताळलं तर स्वतःच्याच आतड्याला इजा. म्हणजे ही इतक्या वर्षांची ओढाताण, दोन्हीकडून जपून. सरांना विचारलं, मग शेवटी जिंकतं कोण? म्हणाले, "गोळी मिळाली तर शरीर. एकट्याने जिंकणं फार कठीण. पण तोवर टिकून राहणं, तेच मोठं काम."

२४ फेब्रुवारी

निगेटिव्ह. प्लेटही कोरी, एक वाट नाही.

३ मार्च

निगेटिव्ह. रेघ महिनाभर उठलेली नाही. आत्या जिना चढून वर आल्या, हातात भाजीची पिशवी, आणि बोलत बोलत आल्या!

१० मार्च, सोमवार

तिसऱ्यांदा निगेटिव्ह. इओसिनोफिल सात. सर म्हणाले, तीन महिन्यांनी परत तपासा, तोवर खुशाल असा. छातीच्या डॉक्टरांनी आत्यांच्या केसपेपरवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, "स्टेरॉइड देऊ नये." आणि मला म्हणाले, आता असा कुणी आला की गोळी लिहायच्या आधी तुमच्याकडे पाठवणार. पहिला पाठवलासुद्धा. उरणकडचा एक म्हातारा. काही सापडलं नाही. तरी किती बरं वाटलं!

१९ मार्च

शिमग्याला आत्या गावी निघाल्या. चपला घेऊन दिल्या, रानात अनवाणी जायचं नाही असं बजावलं. "आगं, लावणीला चिखलात चप्पल ऱ्हाती व्हय?" खरंच आहे, राहत नाही. संडास बांधून घ्यायचं मात्र मानसिंगने कबूल केलं. शी मातीत गेलीच नाही तर अळी येणार कुठून! आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन प्रश्न विचारले: एवढ्या बारक्या अळीला पायातून शिरायला किती वेळ लागतो, आणि दुसऱ्या कुणाच्या रक्तात ते केशरी दाणे असले तर ओळखायला येतील का? म्हटलं, पाच मिनिटांत शिरते. आणि येतील की.

चिवड्याची पिशवी घेऊन एसटीत बसल्या. घर उगाच मोठं वाटतंय.

३० मार्च, रविवार

सकाळी सातला बेल. दार उघडलं तर आत्या! आणि त्यांच्या मागं जिन्यात, खाली पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत, बायका. नऊ मोजल्या. डोक्यावर पदर, एसटीच्या धुळीनं भरलेल्या, दोघी-तिघी खोकत, एक कठड्याला धरून धापा टाकत.

"आत घे समद्यास्नी," आत्या म्हणाल्या. "ह्या माज्यासंगं लावणीला असायच्या."